मागच्या बारचे दोन नट

एल्सवर्थ गिटन्सने जन्मभर बार्बाडोसमधल्या अख्ख्या सेंट फिलिप परगण्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण पोरीच्या गाडीपुढे त्याचं डोकं ताळ्यावर राहायचं नाही. मागच्या वर्षी चढणीच्या शर्यतीत रोशेल दोन सेकंदांनी हरली. "बाबा, वळणावर गाडी फार झुकते हो," एवढंच ती म्हणाली. झालं! महिनाभर खपून त्याने मागच्या चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार काढला आणि चांगला जाडजूड घातला. कोरड्या रस्त्यावर गाडी आता झुकायचं नाव घेईना. ओल्यावर मात्र तोच बार गाडीचं बूड बाहेर फेकतो. म्हणून पाऊस दिसला की दोन नट काढून बार मोकळा करायचा. दोन मिनिटांचं काम.

आज टेकडीच्या पायथ्याशी हेल्मेट चढवताना रोशेलने विचारलं, "बाबा, वर ढग दिसतोय. नट काढताय ना?"

"या उन्हात? तू जा गं. ढगाला काय घाबरतेस!"

नेहमीसारखा तिने आपला फोन त्याच्या खिशात टाकला आणि तो उसातल्या पायवाटेने वर निघाला.

चौथ्या वळणावर तो पोचला. रस्ता ओलाचिंब होता. सर नुकतीच येऊन गेली होती. बार्बाडोसमध्ये एका अंगाला ऊन असतं तेव्हा दुसऱ्या अंगाला पाऊस असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यालाच आज विसर पडावा!

झेंडे घेऊन उभ्या असलेल्या क्लेमंटचा त्याने दंड धरला. "लाल दाखव रे! पुढची गाडी माझ्या पोरीची आहे."

"अपघात झाल्याशिवाय लाल नाही, एल्सवर्थ. नियम आहे. आणि पावसाला भिऊन थांबलो तर आपल्याकडे शर्यत कधी व्हायची?" क्लेमंट हसला. "फिशकेक खा, शांत हो."

एल्सवर्थने रोशेलला फोन लावला. तो त्याच्याच खिशात वाजला.

खालून इंजिनाचा आवाज चढत आला. ती रोशेलचीच गाडी, हे त्याला आवाजावरूनच कळलं. तो कठड्यावर चढला आणि दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवू लागला. थांब, पोरी, हळू! दरवर्षी याच वळणावर, याच कठड्यावरून, तो असेच हात हलवून तिला वेग वाढवायला "दाब, दाब" म्हणायचा. हे त्याला आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

रोशेलने आनंदाने हॉर्न वाजवला आणि गाडी दाबली.

गाडीचं बूड फिरलं. एक गिरकी घेऊन ती उसात घुसली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे क्लेमंटने लाल झेंडा वर केला.

एल्सवर्थ धडपडत पोचला तोवर लोकांनी तिला बाहेर काढलं होतं. उजवा हात कोपरापासून भलताच वाकला होता. वेदनेने पांढरी पडलेली रोशेल त्याच्याकडे बघून कसंबसं हसली.

"रागावू नका हं, बाबा. तुमचा बार झकास होता. तुम्ही दाब म्हणालात, मलाच जमलं नाही."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. भोवती सगळं सेंट फिलिप उभं होतं. त्याने नुसतीच मान डोलावली.