साडेअकराची गोडी

ताईंनी संत्र्याच्या पेयाचा घोट तोंडात घोळवला, जिभेच्या दोन्ही कडांवरून फिरवला आणि बेसिनमध्ये थुंकून टाकला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "ही टाकी सोडू नका."

समोर बसलेल्या केमिस्टने साखर मोजायचा मीटर पुन्हा पुसला, पुन्हा त्यात थेंब टाकला.

"ताई, बरोबर साडेअकरा अंश दाखवतोय. रोजच्यासारखाच."

"मग मीटरलाही सांग, गोड आहे म्हणून."

केमिस्ट हसली, पण ताई हसल्या नाहीत. खाली भरणीच्या पट्ट्यावर रिकाम्या बाटल्या खोळंबल्या होत्या आणि त्यांची किणकिण थांबल्यामुळे अख्खा कारखाना गप्प झाल्यासारखा वाटत होता. बावीस वर्षांत टाकी अडवण्याइतकं ताईंची जीभ आणि मीटर यांचं कधी वाजलं नव्हतं. एकदा मीटर बिघडला तेव्हा दोन दिवस संत्र्याचं पेय नुसत्या ताईंच्या जिभेवर भरलं गेलं होतं आणि एकही बाटली परत आली नव्हती. केमिस्टने नाइलाजाने फोन उचलला आणि साहेबांना वर बोलावलं.

ताईंनी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "तुमची शुगर उंबरठ्यावर उभी आहे, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." ताईंनी त्याच दिवशी ठरवलं. जेवणाच्या सुट्टीतल्या दोन बाटल्या बंद, घरची एक बंद, चहातले तीन चमचे अर्ध्यावर. नवऱ्याने पहिल्याच दिवशी कप खाली ठेवून विचारलं होतं, "हा चहा आहे की औषध?" ताई म्हणाल्या होत्या, "दोन्ही." कामावर मात्र त्या गप्प राहिल्या. या धंद्यात असं बोलायची सोय नव्हती. त्यांच्या आधी या खुर्चीवर बसणारे, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, त्यांनी पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, "चाखायचं ते प्यायचंही. सवय सुटली तर जीभ हातची जाईल." ते स्वतः दिवसाला आठ बाटल्या पीत. शेवटी शेवटी त्यांना समोरचा ग्लासही दिसेना. त्याबद्दल विचार करायचं ताई टाळत आल्या होत्या.

जिन्यावर बुटांचा आवाज आला तसं त्यांच्या मनात आलं, जीभ खरंच गेली असेल तर?

साहेब आत आले ते चष्मा पुसतच.

"ताई, मुख्य कार्यालयातली मंडळी दोन वर्षं माझ्या मागे लागलीत, मीटर असताना जीभ कशाला पोसता म्हणून. मी दर वेळी तुमची बाजू घेतो. आज काय सांगू त्यांना?"

"सांगा, परीक्षा घ्या म्हणावं," ताई म्हणाल्या. "आत्ता घ्या. चुकले तर उद्यापासून येत नाही."

बोलून गेल्यावर त्यांना आपल्याच धिटाईचं नवल वाटलं. पण शब्द मागे घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

केमिस्ट काचेच्या पडद्यामागे गेली. बऱ्याच वेळाने ती पाच ग्लास घेऊन आली. प्रत्येकाच्या बुडाला आकडा चिकटवलेला होता. सगळ्यांत फिक्यापासून सगळ्यांत गोडापर्यंत ग्लास ओळीने लावायचे होते. ताईंनी पाण्याने चूळ भरली आणि सुरुवात केली. त्या घाई करत नव्हत्या, पण एकही ग्लास त्यांनी दुसऱ्यांदा उचलला नाही. पाचही ग्लास ओळीत लागल्यावर केमिस्टने एकेक वर उचलून बुडाचा आकडा पाहिला.

"पाचही बरोबर," ती हळूच म्हणाली. "या दोघांत तर जेमतेम पाव अंशाचा फरक होता, साहेब. मला नसता कळला."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. ताईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ओळीतला पहिला ग्लास पुन्हा हातात घेतला होता आणि त्यातला घोट थुंकून न टाकता त्या चक्क प्यायल्या.

"हे आपलं पेय," त्या म्हणाल्या. "असं लागायला हवं. कुठल्या टाकीतलं आहे?"

केमिस्ट घुटमळली.

"टाकीतलं नाही, ताई. कपाटातली सगळ्यांत जुनी कृती काढून मी आत्ता बनवलं. पावणेदहाची. तुम्ही फिकं म्हणता का ते बघायचं होतं मला. तुम्ही इथे लागलात त्या वर्षीची कृती आहे ती."

"मग साडेअकरा कुणी केलं?"

साहेबांनी कपाटातून एक फाइल काढली आणि ताईंसमोर ठेवली. आत पाच कागद होते, चार-चार, पाच-पाच वर्षांच्या अंतराने लिहिलेले. मजकूर जवळजवळ एकच होता. चव उतरल्यासारखी वाटते. गोडी थोडी वाढवावी. खाली सही ताईंची.

ताईंना ते सगळे दिवस आठवले. पेय पूर्वीसारखं लागत नाही अशी तक्रार यायची, त्या घोट घ्यायच्या आणि त्यांनाही तसंच वाटायचं. पेयाला काही झालेलं नव्हतं. बोथट झाली होती ती जीभ, आणि ती बोथट होईल तशी त्यांनी साखर वाढवत नेली होती. त्यांना लाज वाटली. शाळेच्या फाटकाशी उभं राहून घटाघटा बाटल्या पिणारी पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी फाइल मिटली.

"तुमचा एकटीचा दोष नाही," साहेब म्हणाले. "लोकांनाही तसंच लागत होतं."

"लागणारच. सगळे त्याच बाटल्या पीत होतो."

त्यांनी आधी टाकीच्या कागदावर सही केली. मापाने माल चोख होता, तो अडवण्यात अर्थ नव्हता. खाली बाटल्यांची किणकिण सुरू झाली. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, गोडी थोडी कमी करावी.

"लोक ओरडतील, ताई."

"एकदम कुठे म्हणतेय? चढवली तशीच हळूहळू उतरवू. चढताना कुणी ओरडलं होतं का?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "चवीच्या बदलाला आता दोन जिभांची सही लागते. नवा नियम आहे. दोन्ही सह्या आल्या तर मी वर भांडतो."

ते गेल्यावर ताईंनी कागद केमिस्टपुढे सरकवला. तिने पेन उघडलं, साडेअकराच्या ग्लासातला घोट घेतला आणि पेन पुन्हा मिटलं.

"मला नाही हो गोड लागत. अगदी बरोबर लागतंय. खोटी सही कशी करू?"

"करूच नकोस," ताई म्हणाल्या. ही बाई आपल्यामागे या खुर्चीवर बसायला हवी, असं त्यांना मनापासून वाटलं. "दिवसाला किती पितेस?"

"तीन. उन्हाळ्यात पाच."

"मी सहा आठवड्यांपूर्वी सोडल्या," ताई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी करून तो तिच्याच खणात ठेवला आणि त्या ग्लास विसळू लागल्या. केमिस्ट बराच वेळ मीटर पुसत राहिली.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "पहिले काही दिवस डोकं दुखतं म्हणतात. खरं का?"

"चार दिवस," ताई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी नुसती चिडचिड होते. नवऱ्याला आधीच सांगून ठेव."