भिंतीवरची तन्मया

माझ्या भावजयीला, शिम्नाला, लोक आता भांडखोर म्हणतात. म्हणोत. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा इतकी हळू बोलायची की आमची आई तिला एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावायची. तिचा आवाज कोणी चढवला, ते सांगते.

पय्यन्नूर सोडून थोडं आत आलं की आमचं घर. माझा धाकटा भाऊ रिजेश खाजगी बसवर ड्रायव्हर आहे. माझं बाजारात शिवणाचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. तन्मया ही त्या दोघांची एकुलती एक. तीन वर्षांची होईपर्यंत ही पोर अंगणात कोंबड्यांच्या मागे धावायची. मग हळूहळू तिचं पोट फुगायला लागलं. बोटं आखडायला लागली. मूठ धड मिटेना, धड उघडेना.

कोणी जंत म्हणालं, कोणी मुडदूस म्हणालं. एका डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगितलं की पोरीला उकडलेला कप्पा कंद कमी खायला घाला, गॅस होतोय. आणखी एकाने तर शिम्नाकडे बघून रिजेशला सांगितलं, आई फार काळजी करते ना, त्याचा पोरीवर परिणाम होतो. बाहेर आल्यावर शिम्ना रडली नाही. बसस्टॉपवर उभी राहून, थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून मला म्हणाली, "चेची, माझ्या काळजीनं हिची बोटं कशी वाकतील?" माझ्या मनात त्या माणसाला द्यायला पुष्कळ शब्द होते, पण पोर ऐकत होती.

शेवटी कोळिकोडच्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात डॉक्टर रहमत भेटल्या. त्यांनी नीट समजावलं. शरीरात रोज कचरा तयार होतो, तो साफ करणारं एक द्रव्य असतं, आणि ते तन्मयाच्या अंगात जन्मापासूनच तयार होत नाही. त्यामुळे कचरा साठत जातो, यकृतात, हाडांत, सांध्यांत, आणि पुढे छातीत. आजाराचं नाव रिजेशनं कागदावरून तोडून तोडून वाचलं आणि परत कधी उच्चारलं नाही. बाजारात याच्यावर औषध नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण एक परदेशी कंपनी नवं औषध काढतेय, त्याची चाचणी याच रुग्णालयात होणार आहे. मुलं मिळत नाहीयेत. विचार करून सांगा.

कंपनीचा माणूस आम्हाला भेटला, कुरुविळा नावाचा. गोड बोलणारा, पोरीशी जमिनीवर बसून खेळणारा. औषधाचे धोके त्याने लपवले नाहीत. कदाचित अंगावर पुरळ येईल, कदाचित श्वास कोंडेल, कदाचित काहीच उपयोग होणार नाही. रिजेश मान डोलावत राहिला. शिम्नानं तिच्या त्या बारीक आवाजात एकच गोष्ट विचारली, "औषध लागू पडलं, तर नंतर?"

"नंतरची काळजी आम्ही करू," कुरुविळा म्हणाला. "आमच्यासाठी धोका पत्करणारी मुलं म्हणजे आमची मुलं. त्यांना आम्ही सोडतो का कधी?"

हे त्यानं माझ्यासमोर म्हटलं. मी तिथेच होते, तन्मयाच्या फ्रॉकचं बटण लावत होते. तिला ते स्वतःला लावता येत नव्हतं.

मग दर मंगळवारी कोळिकोड. पहाटेची गाडी, दंडात सुई, पोरीचं दिवसभर पलंगावर पडून राहणं, संध्याकाळची परतीची गाडी. पहिल्यांदा अंगावर पुरळ आलं, एकदा तर ओठ निळे पडले आणि नर्सा धावल्या. शिम्ना तेव्हा पोरीचे पाय धरून बसली होती. पण औषधाने काम केलं. पोट उतरलं. जिना चढताना ती थांबेनाशी झाली. त्या वर्षी ओणमला अंगणात फुलांची रांगोळी घालायला तिने झेंडूच्या पाकळ्या स्वतःच्या बोटांनी सुट्या केल्या. बोटं अजून वाकडीच होती, पण हलत होती. रिजेश ड्यूटीवर जायचा सोडून तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला आणि त्या दिवशी त्याची बस उशिरा सुटली.

कंपनीलाही आनंद झाला. त्यांनी तन्मयाचा फोटो काढला. दुधाचे दात पडलेले, हसतेय, हात वर केलेत. तो फोटो माणसापेक्षा मोठा करून रुग्णालयाच्या दारातल्या मोठ्या दालनात लावला. खाली लिहिलं होतं, 'विज्ञानाने दिलेलं हसू.' आम्हीही हरखलो होतो, खोटं कशाला सांगू. गावातले लोक कोळिकोडला गेले की तो बघून यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात कुरुविळानं आम्हाला बोलावून घेतलं. काचेची खोली, थंडगार हवा. टेबलावर केक आणि कापसाचं मोठं अस्वल. तो म्हणाला, चाचणी संपली. तन्मयाने विज्ञानाची फार मोठी सेवा केली, कंपनी तिची आभारी आहे. आणि वर कोणीतरी ठरवलंय की हे औषध पुढे बनवायचं नाही.

रिजेशला कळलंच नाही. तो म्हणाला, मग पुढच्या मंगळवारी येऊ का?

शिम्नाला कळलं. तिनं विचारलं, "औषध लागू पडलं की नाही?"

"पडलं. उत्तम लागू पडलं."

"मग बंद का?"

"ताई, या आजाराची मुलंच फार थोडी आहेत. एवढ्याशा मुलांसाठी कारखाना चालवणं परवडत नाही."

"म्हणजे अजून मुलं आजारी पडायला हवी होती?"

त्यावर त्यानं अस्वल उचलून तन्मयाच्या मांडीवर ठेवलं. ती बिचारी खूश झाली. शिम्नाने ते उचलून टेबलावर परत ठेवलं आणि पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. निघताना कुरुविळा रिजेशला हळूच म्हणाला, बाकीच्या पालकांनी समजुतीने घेतलं हो, फक्त तुमचंच जरा अवघड दिसतंय.

हे वाक्य रिजेशच्या मनात काट्यासारखं रुतलं. आपणच अडाणी, आपणच हट्टी, असं त्याला वाटायला लागलं. तो डॉक्टर रहमतना भेटला, आमदारांना भेटला, पक्षाच्या कचेरीत जाऊन बसला. सगळ्यांनी चहा पाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझे हात बांधलेले आहेत, औषध कंपनीचं, निर्णय कंपनीचा. आणि इकडे पावसाळा सरेपर्यंत तन्मयाचं पोट पुन्हा फुगलं. एका सकाळी तांदळाच्या पुट्टूचा घास तिच्या बोटांतून निसटला, पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिनं ताट बाजूला सारलं आणि भूक नाही म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी शिम्नाने नेहमीची पहाटेची गाडी पकडली. मला म्हणाली, चेची, दुकान बंद ठेवता येईल का? मी ठेवलं.

ती वर वॉर्डात गेलीच नाही. दालनात त्या फोटोखाली भिंतीला टेकून बसली, पोरीला शेजारी बसवलं. घोषणा नाही, फलक नाही. वर हसणारी तन्मया, खाली ही फुगल्या पोटाची, वळलेल्या बोटांची तन्मया. आत येणारे लोक आधी वर बघायचे, मग खाली बघायचे, मग थांबायचे. कोणी विचारलं की शिम्ना तेवढंच सांगायची. औषध दिलं, हसली. औषध काढून घेतलं, ही अशी झाली.

दुपारी मॅनेजर आला. हे रुग्णालय आहे, पक्षाची कचेरी नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, आम्ही कुठे काय बोलतोय? तुमच्या फोटोतली मुलगी तुमच्या फोटोखाली बसलीय. तो लालबुंद झाला, पण चारचौघांत पोरीला हात धरून उठवायची त्याची हिंमत झाली नाही.

आम्ही पुढच्या मंगळवारी गेलो. त्याच्या पुढच्याही. मग एके दिवशी आम्ही बसलेलो असतानाच दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी फोटो काढायला घेतला. एवढ्या मोठ्या रुग्णालयाला, एवढ्या मोठ्या कंपनीला, दोघांना मिळून सुचलं ते हे. पोरीला औषध नाही द्यायचं, तिचा फोटो काढून टाकायचा. तन्मया मान वर करून बघत होती. फोटो आडवा करून ते निघाले तेव्हा तिने विचारलं, "अम्मा, मला कुठे नेतायत?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मी उठणार होते, पण शिम्नाने माझा हात दाबून धरला. ती रिकाम्या भिंतीखाली तशीच बसून राहिली. लेकीला म्हणाली, "तू इथेच आहेस, मोळे. माझ्याजवळ."

त्याच संध्याकाळी बुरख्यातली एक बाई आमच्यापुढून गेली, थबकली आणि मागे आली. तन्मयाच्या बोटांकडे बघत उभी राहिली. मग तिने आपल्या मुलाचा हात स्वेटरच्या बाहीतून बाहेर काढला आणि तन्मयाच्या हाताशेजारी धरला. तशीच बोटं. तसाच वळलेला अंगठा. ती चेरुवत्तूरची हफ्सत. तिच्या रय्यानलाही तेच औषध मिळत होतं, पण त्याचा वार शुक्रवार होता; आज ती त्याला तपासून घ्यायला आली होती.

"बाकीच्यांनी समजुतीने घेतलं, असं आम्हाला सांगितलं," हफ्सत म्हणाली.

रिजेशलाही हेच सांगितलं होतं. प्रत्येकाला वेगळा वार, प्रत्येकाला वेगळ्या खोलीत केक, आणि प्रत्येकाला हेच वाक्य. दुसऱ्याने मान्य केलंय, तूच तेवढा हट्टी. शिम्ना सावकाश उठून उभी राहिली, आणि तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा त्या दालनात ऐकला. "यांना आमची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नव्हती," ती म्हणाली, आणि चौकशीच्या खिडकीपर्यंतची सगळी माणसं वळून बघायला लागली.

मग ती वर डॉक्टर रहमतच्या खोलीत गेली, हफ्सत आणि मी मागोमाग. डॉक्टरीणबाई पुन्हा तेच म्हणाल्या, हात बांधलेत. शिम्नाने तन्मयाचा हात त्यांच्या टेबलावर ठेवला. "तुमचे बांधलेत ना, डॉक्टर, ते सोडवता येतात. हिचे आखडलेत." डॉक्टरीणबाईंनी ती बोटं हलकेच चाचपली. मग म्हणाल्या, बाकीची मुलं कुठली आहेत ते त्यांच्या आईबापांना विचारून तुम्हाला कळवते, आणि कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मी राहीन. त्या खरंच उभ्या राहिल्या, हे कबूल केलं पाहिजे. त्या रुग्णालयात मात्र त्या आता नाहीत.

मुलं खरंच थोडी होती, पण सगळ्यांच्या आईबापांनी मिळून कोच्चीच्या हायकोर्टात कंपनीवर खटला भरला. त्यात वायनाडच्या डोंगरातला चंतू होता, त्याची लेक अतुल्या तन्मयापेक्षाही लहान. तो बापडा प्रत्येक तारखेला कोच्चीला यायचा, लेकीला पाठुंगळी घेऊन. कंपनीच्या वकिलानं सांगितलं की नंतरही औषध देऊ, असं कोणी लिहून दिलेलं नाही. तोंडी म्हटलं असेल तर ते धीर देण्यासाठी. तारखा पडत गेल्या. एका तारखेला चंतू एकटाच आला. अतुल्याच्या छातीत कफ भरला आणि ती गेली, असं त्यानं सांगितलं. तरी तो आला होता. त्याला कोणीतरी विचारलं, आता कशाला आलास? तो म्हणाला, "ती अशीही जाणारच होती, असं हे लोक म्हणतील. ती औषधावर बरी होत होती, ते सांगायला कोणी नको का?"

न्यायाधीशबाईंनी त्याला पुढे बोलावून ते सगळं बोलू दिलं. निकाल आमच्या बाजूने लागला. ज्या मुलांवर औषध तपासलं त्यांना ते गरज असेल तोपर्यंत द्यायचं, आणि फुकट द्यायचं. कंपनीने कारखान्याचा एक कोपरा पुन्हा सुरू केला. तो चालवणं आता परवडतंय म्हणे.

दुसऱ्या दिवशी पेपरात कंपनीचं निवेदन आलं. करुणेच्या भावनेतून आम्ही हा निर्णय घेतला आहे, असं त्यात म्हटलं होतं. रिजेशनं ते मोठ्याने वाचलं. शिम्ना चुलीशी मासे साफ करत होती. हातातली सुरी तिनं खाली ठेवली.

"करुणा?" ती नवऱ्याला म्हणाली. "अतुल्या मेली तेव्हा कुठे होती? आमची पोरं वापरली आणि फेकली, कोर्टाने कान धरून परत उचलायला लावली. याला करुणा म्हणतात का, एट्टा?" रिजेशने पेपरची घडी घातली.

तन्मयाचं पोट पुन्हा उतरलं. ती शाळेत जाते, कविता पाठ म्हणते, वर्गातल्या मुलांशी कडाकडा भांडते. बोटं मात्र सुटली नाहीत. जे त्या मधल्या महिन्यांत गेलं ते गेलं, असं नव्या डॉक्टरांनी सांगितलं. पेन ती दोन्ही तळव्यांत धरून लिहिते.

परवा नीलेश्वरमहून एक तरुण पोरगी आमच्या दारात आली. कडेवर वर्षाचं बाळ, पोट टम्म. तिने विचारत विचारत घर शोधलं होतं. बाळाला तोच आजार आहे, आताच कळलंय. औषध बनतंय, मुलांना मिळतंय, हे तिने ऐकलं होतं. आमच्या बाळालाही मिळेल ना, ताई?

मी शिम्नाकडे बघितलं. हे बाळ चाचणीत नव्हतं. तेव्हा ते जन्मलंही नव्हतं. कंपनीने तिला आधीच कळवलं होतं की कोर्टाचा हुकूम ठराविक मुलांपुरता आहे, दुःख वाटतं, पण उपाय नाही; तरी तिने आशा सोडली नव्हती.

शिम्नाने बाळाला आपल्याकडे घेतलं. त्याच्या मुठी उघडून बघितल्या. अजून सहज उघडत होत्या.

"आत ये. आधी जेव," ती म्हणाली. "मग वकिलांना फोन लावू. तू बोलायचंस, मी नाही. तुझा आवाज त्यांना ओळखीचा व्हायला हवा."

पोरगी चाचरत म्हणाली की तिला असं काही बोलता येत नाही.

"मलाही येत नव्हतं," शिम्ना म्हणाली, आणि तिच्यासाठी पान वाढायला गेली.