मोजणीच्या दिवशीचा उजेड

वस्तीवर संशोधक बाई येणार म्हटलं की दुकानदाराची धांदल उडे. आइस्क्रीमचा फ्रीझर बंद करून त्यावर गोणपाट टाकायचं, इस्त्र्या आणि पाणी तापवायचे रॉड माळ्यावर चढवा म्हणून घरोघर सांगायचं. टेकडीवरच्या सौर पॅनेलची वीज घरटी दोन दिवे आणि एका पंख्यापुरती, असं ठरलेलं. पाळत मात्र कोणीच नव्हतं. पण पाहुण्यांसमोर अब्रू जायला नको! वस्तीला किती वीज लागते, ते बाई दिवसभर मोजत, आकडे नेटके येत आणि त्या खूश होऊन परत जात.

तारेच्या अगदी टोकाला दुकानदाराच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिला दम्याचा त्रास. दिवेलागणीला वस्तीतले रॉड सुरू झाले की तिचं वाफेचं यंत्र मान टाकायचं.

"या वेळी फ्रीझर झाकू नकोस," ताई धापा टाकत म्हणाली.

"आणि चोर म्हणवून घेऊ?"

"अरे, चोरीबरोबर गरजही झाकतोयस. त्यांना वाटतं, एवढ्यात आपलं छान भागतंय. मग वीज साठवायला जास्तीची बॅटरी कोण कशाला देईल?"

हे त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या, तेव्हा त्यानं स्वतःच फ्रीझरवरचं गोणपाट ओढून काढलं. "बाई, घरोघरी हेच आहे. आम्ही तुम्हाला फसवत होतो."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "दादा, आधी सांगायचं होतं हो. या वस्तीला आहे ती वीज पुरते, असा अहवाल मी केव्हाच देऊन टाकला. नव्या बॅटऱ्या दुसऱ्या गावाला गेल्या. मी पुन्हा लिहीन, पण कोणी ऐकेल असं वाटत नाही. आमचा निधी संपला. हा माझा शेवटचा फेरा."

दुकानदारानं फ्रीझर कायमचा बंद केला. रॉड-इस्त्र्या बंद ठेवा म्हणून दारोदार जाऊन हात जोडले. लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. "मोजणी संपली ना? मग आता कुणाची भीती?"

संध्याकाळी तो ताईजवळ बसला होता. यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि बंद पडलं. पलीकडे वस्तीतल्या खिडक्या लख्ख उजळल्या होत्या. तो तिची पाठ चोळत राहिला.

"आपणच केलं गं हे," तो म्हणाला. ताई खिडकीचा गज धरून श्वास ओढत होती.

वाचकहो, मोजायला कोणी आलं, तर घर आवरून ठेवू नका. आहे तसं दाखवा, आणि वेळेवर दाखवा. अब्रू आपली राहते, श्वास मात्र तारेच्या टोकाला राहणाऱ्याचा जातो.