गढूळ पाण्याचा चोर

भिंगमामांचा संशय इतका तिखट होता, की सकाळी आरशात बघतानाही ते आधी आरशाच्या मागे कोण आहे हे पाहून घेत. लग्नात त्यांनी अंतरपाटाच्या पलीकडे खरंच नवरी आहे की कसं, ते वाकून पाहिलं होतं म्हणतात. मी काही तिथं नव्हतो, पण मामींनी कधी ही गोष्ट नाकारली नाही. खिशात कायम एक भिंग, म्हणून नाव भिंगमामा.

अशा माणसाला एका बांधकामावर काम मिळालं होतं पाण्याचं. म्हणजे पाणी पाजायचं नव्हे, पाणी अडवायचं. जमीन खणून ठेवली, की पाऊस ती माती उचलतो, रस्त्याकडेच्या गटारात नेतो, गटार ती नदीला नेऊन घालतं. तसं होऊ नये म्हणून बांधकामाला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी आराखडा. उतारावर कापडी कुंपण, गाळ तळाशी बसावा म्हणून मोठा खड्डा, फाटकाशी ट्रकच्या चाकांची माती झडावी म्हणून खडीचा पट्टा. सगळं होतं. फाटकावरच्या पाटीवर परवान्याचा क्रमांक होता आणि खाली ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून खुद्द मामांचं नाव.

तरी दोन नोटिसा आल्या होत्या. तपासणीच्या बाईंनी दोन्ही वेळा गटारातून बाटली भरली आणि दोन्ही वेळा बाटलीत पाणी नव्हे, गढूळ चहा! तिसरी नोटीस आली की काम बंद, आणि पाटीवर ज्याचं नाव, तो घरी. तीस वर्षं इमारतींवर काढलेल्या माणसानं दिवसभर घरी बसून मामींच्या नजरेखाली भाजी निवडायची, ही कल्पनाच मामांना नोटिशीपेक्षा भयंकर वाटे.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” मामा म्हणाले.

“मुरलं असतं तर बरं झालं असतं, मामा. वाहतंय म्हणून तर नोटिसा येताहेत,” जावई म्हणाला. मामांचा हा जावई तिथलाच इंजिनिअर. आराखडा त्यानंच लिहिलेला, चांगला बासष्ट पानांचा. “तुम्ही आराखडा एकदा नीट वाचा ना.”

मामांनी तो वाचला नव्हता. जावयानं लिहिलेलं वाचायचं, म्हणजे उद्या त्याचं ऐकायचं, आणि परवा त्याच्याकडे राहायला जायचं! त्यांनी फक्त नकाशा भिंगाखाली घातला होता, त्यात कुठं चूक सापडते का ते बघायला. सापडली नाही, त्यामुळे संशय जास्तच वाढला. इतकं बिनचूक कोण काढतं?

पण जावयाच्या आधी संशयितांच्या यादीत मास्तर होते. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त मास्तर. पहिली तक्रार त्यांचीच. त्यांनी गुलाबांसाठी मातीचा एक ढीग आणून ठेवला होता. मामांनी हिशोब बांधला: हा मनुष्य पाऊस आला की स्वतःची माती गटारात लोटतो आणि आळ आपल्यावर घालतो.

मामांनी गवंड्यांकडून रंगाच्या पुड्या मागवल्या. भिंतीवर सुतळीनं रेघ मारतात ना, तो निळा. तो चिमूट चिमूट खड्ड्यात टाकला. आणि दुपारी मास्तर झोपलेले बघून त्यांच्या ढिगावर मूठभर लाल काव भिरकावली. आता गटारात निळं आलं तर खड्डा फुटलाय, लाल आलं तर मास्तर!

“मामा, रंगसुद्धा गटारात जायला नको असतो,” जावयानं कपाळाला हात लावला.

“चोराला पकडायला चिमूटभर चालतो.”

संध्याकाळी पाऊस आला तो असा, की बेडूकसुद्धा आडोसा शोधत होते. सकाळी मामांनी गटारात डोकं घातलं. ना निळं, ना लाल. पाणी इतकं नितळ, की तळाला पडलेल्या नाण्यावरचं साल वाचता यावं. वरून मास्तर कुंपणावर टेकले होते.

“काय हो, काही हरवलं का?”

“तुमचं काही सापडतंय का ते बघतोय.”

“माझी माती लाल झालीय काल. तुमच्याकडे काही साथ आहे का रंगाची?”

मामांनी मान काढून घेतली. मास्तर सुटले, खड्डाही सुटला. आणि तिथं त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बाई नसतात तेव्हा पाणी नितळ. बाई आल्या की गढूळ. मग गढूळपणा आणतं कोण? बाईच! त्यांच्या त्या काळ्या पिशवीत. बाटलीच्या तळाशी आधीच चमचाभर माती!

नऊ वाजता जावयाचा फोन वाजला. बाई तासाभरात पोचणार होत्या. मामांनी हात चोळले आणि नेहमीप्रमाणे तयारीला लागले. मजुरांना शिरस्त्राणं, पाटीवर फडका, कुंपणाचे वाकलेले खुंटे सरळ. जावई वरच्या मजल्यावर स्लॅब बघायला गेला. मामा स्वतः खालच्या कोपऱ्यावर, गटाराच्या तोंडाशी, दबा धरून बसले.

बाई आल्या. पिशवी उघडून त्यांनी बाटली काढली, तसा मामांनी हात पुढं केला.

“मॅडम, बाटली मी धुतो.”

“ती धुतलेलीच आहे.”

“माझ्या समाधानासाठी.”

बाईंनी एक भुवई वर केली, पण बाटली दिली. मामांनी ती पिण्याच्या पाण्यानं तीनदा खळखळवली, भिंग लावून बूड तपासलं, उन्हात धरली. एक कणही नव्हता. मग स्वतःच्या हातानं गटारात बुडवली आणि वर काढली.

चहा. तोही दूध कमी, पावडर जास्त!

“सापडला!” मामा ओरडले. “मॅडम, तासापूर्वी इथं नितळ होतं. तुम्ही नाही आणि मास्तर नाही, म्हणजे वर कुणीतरी आत्ता, या घडीला घाण सोडतंय. चला माझ्याबरोबर, चोर हातात देतो!”

आरडाओरडा ऐकून जावई धावत खाली आला. पुढे मामा, मागे बाई, त्यांच्यामागे जावई, अशी वरात गटाराच्या कडेनं वर निघाली. दर दहा पावलांवर मामा बाटली बुडवत आणि “इथंही!” म्हणून पुढे पळत. मास्तरांच्या बंगल्यापाशी गढूळ. विजेच्या खांबापाशी गढूळ. फाटकापाशी तर खळाळून गढूळ. फाटकाच्या वर दोन पावलं गेले, बाटली बुडवली आणि नितळ!

मामा मागे वळले. फाटकासमोर पाण्याचा टँकर उभा होता. टँकरवाला अंगठा दाबून पाइपाचा फवारा रस्त्यावर मारत होता, आणि पाऊस थांबल्यापासून ट्रकच्या चाकांनी रात्रभर आणलेली माती लाटा करत गटारात उतरत होती.

“मामा, अजून एक हात मारू का?” तो आनंदानं ओरडला. “रस्ता मागच्या दोन वेळांसारखा चकचकीत नाही झाला अजून!”

काखेत कळसा म्हणतात, तो असा असतो. बाई येणार म्हटल्यावर रस्ता लख्ख दिसावा, म्हणून दर वेळी टँकर सांगत होतं कोण?

बाईंनी वही काढली. “रस्त्यावरची माती कोरडी झाडून उचलायची, पाण्यानं धुवायची नाही. तुमच्या आराखड्यातच आहे हे. कुणी सांगितलं धुवायला?”

टँकरवाल्यानं मामांकडे बघितलं. मामांनी आभाळाकडे.

“माझी चूक,” जावई म्हणाला. “मी लक्ष द्यायला हवं होतं. माझं नाव लिहा.”

मामांनी जावयाकडे पाहिलं. बारकाईनं. त्या चेहऱ्यावर डाव असायला हवा होता. सासऱ्याला उपकाराखाली दाबायचा. पण चेहरा नुसता घाबरलेला होता, आणि घाम खरा होता. गप्प राहिलं तर नोकरी वाचत होती. पाटीवरचं नाव वाचत होतं. भाजी निवडणं टळत होतं.

“थांबा मॅडम,” मामा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “खोटं बोलतोय हा. मी सांगितलं. तिन्ही वेळा मीच.”

बाईंनी लिहिलं. तिसरी नोटीस. रस्ता कोरडा झाडून होईपर्यंत काम बंद, आणि जबाबदार व्यक्ती बदला. मग वही मिटता मिटता म्हणाल्या, “गढूळपणाचं कारण इतक्या लवकर पकडून देणारा माणूस मात्र पहिल्यांदाच बघितला.”

साठ माणसं खराटे घेऊन रस्त्यावर उतरली. दुपारी तीनला काम पुन्हा सुरू झालं. मामा पाटीजवळ स्टुलावर चढून स्वतःच्या नावाचे स्क्रू काढत होते. जावयानं खालून स्टूल धरलं होतं.

“जावईबापू, एक विचारतो. खरं सांगा. तुम्ही दोष अंगावर का घेत होतात?”

“सकाळी निघताना ही म्हणाली, बाबांना आज सांभाळून घ्या.”

मामांचा स्क्रू फिरवणारा हात थांबला.

“सकाळी?” ते स्टुलावरूनच वाकले. “बाईंचा फोन नऊला आला. मग तिला त्याआधीच कसं कळलं, आज काहीतरी होणार आहे ते?”