कमान काढायची आहे

शेवटी आण्णांना खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं आणि कमान पडली.

छे. कुठली कमान, कोण आण्णा. कमान जागच्या जागी उभी होती, तिच्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत आण्णा पेपर वाचत होते आणि त्यांची मुलगी संघप्रिया हातात कोळसा धरून लांबूनच घाबरत होती.

घाबरायचं कारण बाक. बसायचा नव्हे, वळणाचा. संघप्रिया चित्रकार आणि गेलं वर्षभर एकाच वळणाच्या मागे लागलेली. ते तिला आधी शेजारच्या म्हशीच्या शिंगात दिसलं. तिनं म्हैस काढली. आठवड्यात म्हैस गारगोटीच्या बाजारात गेली. मग उसाच्या शेंड्यात दिसलं. ऊस काढला, लगेच तोडकरी आले आणि ऊस वारणानगरच्या कारखान्याच्या रस्त्याला लागला. मग चहाच्या कपाच्या कानात. कप काढला, कान निखळला. म्हशी विकल्या जातात, ऊस तोडला जातो, कप फुटतात, हे तिला पटत होतं. पटूनही, आपण काढलं की ते जातंच, ही भीती सुटत नव्हती, कारण तोच बाक आता दोन ठिकाणी दिसत होता. एक, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी कमानीत. दुसरा, पेपरावर वाकलेल्या आण्णांच्या पाठीत.

आण्णांची पाठ तर काढायची होती. म्हणून तिनं ठरवलं, आधी कमान काढून बघू. दगड कुठं जातोय? कमान राहिली, तर भीती खोटी.

कमान समोरून काढायची तर भर रस्त्यात स्टूल टाकावं लागणार, म्हणून ती परवानगीला नगरपालिकेच्या कचेरीत गेली. तिथला कारकून आकाराम. आकाराशी त्याचा संबंध नावापुरताच.

"गल्लीची कमान काढायची हाय," ती म्हणाली.

आकारामनं चष्मा वर केला. "आख्खी?"

"आदी अर्धी काढून बघतो. जमली तर आख्खी."

"माणसं किती?"

"मी एकटीच की."

"मशीन?"

"हातानंच."

आकारामची खुर्ची जरा मागं सरकली. "धूळ लई उडंल, ताई."

"थोडी उडते. फुंकून टाकतो."

"आनि काय काढायचं हाय?"

"कमानीनंतर आण्णा. वडील माझे. पर त्यास्नी घरातच काढीन, भायेर लई हालत्यात."

आकारामनं एकदा दाराकडं बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वडलांचं तुमचं तुमी बघा, त्ये आमच्याकडं येत न्हाय. कमानीला माणूस लावून देतो."

संघप्रियाला वाटलं, छत्री धरायला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर बसली. बाक कागदावर जसाच्या तसा उतरला. शेवटची रेघ ओढली आणि पायाखालची जमीन हादरली. मागं जेसीबी उभा होता. वरून पिराजी नावाचा ड्रायव्हर वाकला.

"ताई, काढली का कमान?"

"झाली की."

पिराजीनं कमानीकडं बघितलं. "कुठं झाली? हाय की उभी."

संघप्रियानं कागद त्याच्यासमोर धरला. "अहो, चित्र. चित्र काढायचं हुतं."

"आमास्नी नुसतं काढा म्हणून सांगितलंय," पिराजी म्हणाला. "चित्राचं कायबी बोलणं न्हाय."

तिनं आकारामला फोन लावला. साहेब जेवायला गेले होते. सकाळचे नऊ वाजले होते.

कमानीखालच्या खुर्चीत आण्णांनी पेपर उलटला. "मी उठत न्हाय. आदी मला काढा, मग कमान."

"आण्णा," संघप्रिया म्हणाली, "तसं बोलू नका."

पण बोलून झालं होतं. पिराजीची माणसं सांगितलेलं काम करणारी. त्यांनी आण्णांना खुर्चीसकट उचललं, चहाच्या गाड्याशेजारी सावलीत ठेवलं आणि पावण्यांना चहा द्या म्हणून गाडेवाल्याला सांगितलं. मग ते झालं, जे सुरुवातीला झालं नव्हतं.

धूळ बसल्यावर पांढरेफटक आण्णा बशीतला चहा पीत दिसले. बशीवर वाकलेले. बाक सगळा तिथं जमा झालेला, कुठंही न तुटता.

"आता माझं काढ," ते म्हणाले. "बसतो निवांत. कुणी येईना-जाईना इकडं."

संघप्रियाचा हात आपोआप कागदावर गेला. मानेपासून खाली एक रेघ उतरायला लागली. तिनं दुसऱ्या हातानं तो हात धरला, कोळसा गाड्याखालच्या बादलीत टाकला आणि गाडेवाल्याचं पेन मागून कमानीच्याच चित्रामागं कचेरीला अर्ज लिहायला बसली:

"विनंती की, मराठी भाषेतील 'काढणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ तातडीने एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर हलवावेत, पाडलेली कमान अर्जदाराच्या चित्राबरहुकूम पुन्हा उभी करून मिळावी, आणि सदर कार्यवाही पूर्ण होईपर्यंत अर्जदाराचे वडील आहेत तिथे, आहेत तसे, वाकलेल्या स्थितीत कायम ठेवण्यात यावेत."