मालनबाईंच्या आईचा रिकामा रकाना

या मित्रांनो, जवळ या. मागे बसलेल्यांनी थोडे पुढे सरकावे, ऐसपैस मांडी घालावी. कीर्तनात बुवा आधी देवाला वंदन करतात, मग श्रोत्यांना, आणि मग आख्यान लावतात. मीही तसेच करतो. देवाला नमस्कार, तुम्हाला नमस्कार. आता एका आईच्या नावाची गोष्ट सांगतो. ते नाव ऐंशी वर्षे हरवले होते आणि ते सापडण्यात माझाही हात होता. हात म्हणायचे एवढेच. मला हातपाय काही नाहीत.

मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकात राहतो. घराण्याची वंशावळ मांडणे हे माझे काम. मला कुणी भट्टीत ओतले नाही की कुणा सुताराने रंधा मारून घडवले नाही. दूर देशीच्या काही माणसांनी खुर्चीत बसून मला अक्षर अक्षर लिहून काढले. त्यांनी कधी गोदावरी पाहिली नव्हती, टाळ ऐकला नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी माझ्यात फार शहाणपणाने घातली. कुणाही माणसाची चौकट उघडा, मी तिच्यातून वर दोन रेघा काढतो. एक बापाकडे जाते, एक आईकडे. आईची रेघ मी कधी गाळत नाही. नाव ठाऊक नसेल तर तिथे रिकामा रकाना ठेवतो. पंगतीत यायच्या राहिलेल्या माणसाचे पान मांडून ठेवतात ना, तसा.

नाशिकला पंचवटीत मी आलो तो एका वापरलेल्या लॅपटॉपमधून. हर्षल नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना तो लॅपटॉप आपल्या आईला देऊन गेला. त्याची आई म्हणजे उज्वलाताई. वडील शेखरभाऊ, भाजीबाजारात त्यांचा गाळा आहे. आणि आजी मालनबाई, शेखरभाऊंच्या आई. ऐंशी ओलांडलेल्या, पाठीत थोड्या वाकलेल्या, पण संध्याकाळी देवळात मृदंगावर थाप पडली की घरात न थांबणाऱ्या. त्या कीर्तनाला निघाल्या की शेगडीवरचे दूध हमखास उतू जायचे.

"आई, दूध तरी खाली उतरवून जात जा," शेखरभाऊ म्हणायचे.

"बुवा थांबत नाय माझ्यासाठी," असे म्हणत त्या जिना उतरलेल्या असायच्या.

उज्वलाताईंनी मला उघडले आणि सासरची वंशावळ भरायला घेतली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सात पिढ्या एका दमात सांगितल्या. सगळे पुरुष. मी आपला प्रत्येकाच्या वर आईचा रिकामा रकाना दाखवत राहिलो. ताईंना ते बघवेना. त्या म्हाताऱ्या बायकांना गाठून विचारू लागल्या. तेव्हा कळले की घरात आलेल्या सुनेला नावाने कुणी हाक मारतच नसे. ओझरहून आली ती ओझरवाली, वडनेरहून आली ती वडनेरवाली. माहेरच्या गावाचे नाव राहिले, बाईचे नाव पुसले गेले. तरी ताईंनी विचारून विचारून पुष्कळ रकाने भरले. सगळी भावकी जमली त्या दिवशी माझा मोठा छापील तक्ता भिंतीवर लागला. माणसे त्यात स्वतःचे नाव शोधत होती, बोट ठेवून मुलांना दाखवत होती. त्या दिवशी मला फार कौतुक मिळाले.

आणि मग सगळे मला विसरले. काम झाले होते. लॅपटॉप उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर गेला. मीही त्याच्याबरोबर गेलो.

मित्रांनो, आता आख्यान लागते आहे, लक्ष द्या. पुढचे रामकुंडावरचे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ताईंनी ते माझ्या टिपेच्या रकान्यात लिहून ठेवले, म्हणून मला ठाऊक.

पितृपक्षात शेखरभाऊ दर वर्षी रामकुंडावर जातात. काठावर बसून गुरुजी एकेक नाव विचारतात आणि शेखरभाऊ त्या नावाने तीळ आणि पाणी सोडतात. आधी वडिलांकडची नावे, मग आईकडची. त्या वर्षी मालनबाई पायरीवर टेकून ऐकत होत्या.

"मातामही?" गुरुजींनी विचारले. "आईची आई?"

"सखुबाई," शेखरभाऊ दर वर्षीप्रमाणे म्हणाले.

पायरीवरून मालनबाई बोलल्या, "गुरुजी, ती माझी सावत्र आई. सख्खीचं नाव मला ठाव नाय."

गुरुजी मायेने म्हणाले, "नाव ठाऊक नसलं तरी चालतं, आजी. देवाला कळतं."

"देवाला कळतं हो. मला कुठं कळतंय."

परतताना रिक्षात उज्वलाताईंनी विचारले, "आई, तुम्ही कधी कुणाला विचारलं नाही?"

"कसं विचारू? मी जन्मले आन ती गेली. सायखेड्यात समदी तिला येवलेवाली म्हणायची, तेवढंच कानावर आलं. सखुबाईनं मला पोटच्या पोरीवानी वाढवलं. तिच्यासमोर आईचं नाव काढलं असतं, तर तिला वाटलं असतं, माझं काय कमी पडलं हिला. म्हणून नाय विचारलं. सखुबाई गेली, तवर ठाव असणारी समदीच गेली होती." मग त्या म्हणाल्या, "तिच्या नावानं कुनी थेंबभर पाणी घातलं नाय आजवर. आन पुढल्या वर्षाला मी असंन का नसंन."

घरी येताच उज्वलाताईंनी अभ्रा सोडला आणि मला जागे केले. मालनबाईंच्या नावाची चौकट उघडली. वर सायखेड्याच्या वडिलांचे नाव भरले. शेजारी आईचा रकाना मी मांडूनच ठेवला होता. ताईंनी त्यात लिहिले, येवलेवाली.

शेखरभाऊ मागून वाकून बघत होते. "सासरचं झालं. आता सासूच्या माहेरचं? मग गल्लीतल्या म्हशी तेवढ्या राहिल्या बघ."

"त्यांच्या आयांची नावं गवळ्याला तोंडपाठ आहेत," ताई म्हणाल्या. "आपल्याकडे तेवढंही नाही."

शेखरभाऊ स्वतःच चहा टाकायला गेले.

मालनबाईंकडे आईची एकच वस्तू होती, एक पितळी घंगाळ. पूर्वी त्यात अंघोळीचे पाणी काढायचे, आता ते गच्चीवर तुळशीशेजारी असते. ताईंनी ते चिंच लावून घासले. काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरे होती. गोरक्ष सावळीराम ठोंबरे, येवला. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, घेणाऱ्याचे घालत नाहीत. भावाचे नाव होते, बहिणीचे नव्हते.

"हा माझा मामा," मालनबाई म्हणाल्या. "भाऊबीजेला मला परकर-पोलकं आणायचा. मी लहान असतानाच गेला तो."

ताई एसटीने येवल्याला गेल्या. कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितले, "गोरक्षचं घर ना? तो गेला आन त्याची बायको पोराला घेऊन भावाकडं निघून गेली. गुजरातेत म्हणतात. कुठं ते नाय सांगता यायचं. बसा, पाणी तरी घ्या." ताई पाणी पिऊन परत आल्या.

तेव्हा त्यांनी माझ्यातली आजवर न वापरलेली एक सोय वापरायची ठरवली. मी नुसती वंशावळ जपून ठेवत नाही, ती वाटतोही. जगात ज्यांनी ज्यांनी आपापल्या घराण्याचे झाड मांडले आहे, त्यांच्या झाडांशी आपले झाड ताडून बघता येते.

शेखरभाऊंना ते रुचले नाही. "आपल्या घरातल्या बायांची नावं गावाला कशाला दाखवायची?"

"गावाला दाखवली नाहीत, म्हणूनच हरवली ना?"

"आणि आपली? उद्या कुणी फोन करून पैसे मागतील."

याचे उत्तर माझ्याकडे होते. जिवंत माणसांची माहिती मी झाकून ठेवतो. बाहेरच्याला दिसतात ती फक्त देवाघरी गेलेली माणसे. ताईंनी ते शेखरभाऊंना उघडून दाखवले. त्यांनी स्वतःची चौकट पाहिली. तिथे नुसते 'जिवंत' असे दिसत होते.

"हे बाकी बरंय," ते म्हणाले. "बाजारात कुणी 'आहेस का रे?' विचारलं तर दाखवता येईल."

घंगाळाचा फोटो मालनबाईंच्या मामाच्या चौकटीला जोडला गेला आणि आमचे झाड बाहेर पडले. मग वाट बघणे सुरू झाले. मालनबाई कीर्तनाला निघाल्या की दारातून विचारायच्या, "आलं का गं काही?" ताई म्हणायच्या, "नाही आई, अजून नाही." थंडी गेली. उन्हाळी कांदा बाजारात आला. दूध उतू जात राहिले.

आणि एका दुपारी मला एक जुळणी सापडली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही. बडोद्याच्या योगिनी ठोंबरे नावाच्या मुलीने आपल्या आजोबांना विचारून झाड मांडले होते. त्यात गोरक्ष सावळीराम होता, गाव येवला. आणि त्याच्या शेजारी एक बहीण होती. भागीरथी. खाली टीप होती, घरात भागी म्हणत, दिली सायखेड्याला. तिच्यापुढे काहीच नव्हते. ना नवरा, ना मूल. दिलेली लेक त्यांच्या झाडात तिथेच संपत होती. त्यांच्याकडे नाव होते, पण पुढे कुणी नव्हते. आमच्याकडे लेक, नातू, पणतू सगळे होते, नाव तेवढे नव्हते.

ताईंनी लगेच 'होय' म्हटले नाही. त्या पक्क्या आहेत. त्यांनी योगिनीला निरोप धाडला, घंगाळाचा फोटो दाखवला, गोरक्ष केव्हा गेला, बायको कुणीकडे गेली, सगळे पडताळून घेतले. मगच दोन्ही चौकटी एक केल्या. रविवारी फोनवर एकमेकांना बघायचे ठरले. तिकडे योगिनी आणि तिचे आजोबा चंदर, म्हणजे गोरक्षचा मुलगा, मालनबाईंचा मामेभाऊ. इकडे आमचे सगळे घर.

"ह्याच्यात नुसतं कपाळच दिसतंय," मालनबाई म्हणाल्या.

"आजोबा, फोन लांब धरा," तिकडून योगिनीचा आवाज आला. मग एक टक्कल आणि दोन ओले डोळे दिसले.

"मालन, मी चंदर. गोरक्षचा."

"तू घंगाळवाल्याचा का रे?"

"हां. त्याचाच."

मालनबाईंनी फोन जवळ ओढला आणि विचारले, "माझी आई कशी होती, काय ठाव हाय तुला?"

"मी कुठं पाहिलीय. पण माझी आई सांगायची ना. तिची नणंद होती ती. आई म्हणायची, आमची भागी लय गुणाची, पण तिच्या हाती दूध सोपवायचं नाय. देवळात टाळ वाजला की चूल सोडून पळायची. इकडं दूध उतू जायचं आन ही मंडपात सगळ्यात मागं बसून डोलायची."

इकडे शेखरभाऊ शेगडीकडे पाहत राहिले.

मालनबाईंनी पदराने तोंड पुसले आणि लेकाला म्हणाल्या, "बघ. मलाच बोलत होतास."

पुन्हा पितृपक्ष आला आणि मालनबाई होत्या. त्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या. या वेळी ताईंनी मला फोनमध्येही घेतले होते, म्हणून मीही सोबत होतो.

"मातामही?" गुरुजींनी विचारले.

"सखुबाई," शेखरभाऊ म्हणाले आणि आईकडे बघत थांबले.

"आन भागीरथी," मालनबाई म्हणाल्या.

"दोन्ही घ्यायची, आजी?"

"दोघी माझ्याच, गुरुजी. दोघींनाबी पाणी पडू द्या."

शेखरभाऊंनी ओंजळ भरली. एकदा सखुबाईंच्या नावाने सोडली, एकदा भागीरथीच्या.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन सुरू होण्याआधी कर्ण्यावरून सांगितले गेले, आजची कीर्तनसेवा कैलासवासी भागीरथीबाई, माहेर येवला, सासर सायखेडा, यांच्या स्मरणार्थ. आवाज घाटापर्यंत गेला. एरवी पुढे जागा धरून बसणाऱ्या मालनबाई त्या दिवशी मंडपात सगळ्यात मागे बसल्या. बुवांनी भजन धरले तेव्हा त्या डोलत होत्या. घरी शेगडीवरच्या दुधाचे काय झाले, ते शेखरभाऊंनी कुणाला सांगितले नाही. कारण त्या दिवशी दूध त्यांनीच ठेवले होते आणि तेही कीर्तनाला आले होते.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो, कधी कधी पडदा काळा होतो. पण ताईंनी माझ्यातल्या सगळ्या नावांची एक प्रत फोनमध्ये ठेवली आहे, एक हर्षलकडे, एक बडोद्याला. लॅपटॉप बंद पडला तरी भागी आता हरवायची नाही. भागीच्या चौकटीतूनही मी वर दोन रेघा काढल्या आहेत. एकीवर सावळीराम आहे. दुसरी, भागीच्या आईची, अजून रिकामी आहे. ताई शोधत आहेत.

तुम्हाला एक विनवणी करतो. माझ्यासारखा प्रोग्राम तुमच्याकडे नसला तरी चालेल. आज घरी गेलात की आजीजवळ बसा आणि विचारा, आजी, तुझ्या आईचं नाव काय होतं? तिला आठवायला वेळ लागेल, तेवढे थांबा. नाव कळले की लिहून ठेवा, आणि एकाच जागी ठेवू नका. आणि कधी तुमच्या घरी कुणाच्या हातून दूध उतू गेले, तर त्यांना रागावण्याआधी येवल्याच्या भागीची एकदा आठवण काढा.