बोईटाचा घास

खाडीच्या मासळीत विष आहे असं कमळच्या मुलीनं छापलं, आणि ती मासळी विकणारी होती कमळ. दुसऱ्या कुणाच्या मुलीनं छापलं असतं तर कमळनं मंडईत उभं राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण ही तिची स्वतःची समीक्षा, भांडुपच्या खाडीकडच्या त्यांच्या पाड्यातली पहिली पत्रकार, आणि तिच्या कॉलेजची फी याच मासळीनं भरली होती. बोलणार कुणाला?

त्यातून तपासणीला मासे कमळनंच दिले होते. समीक्षा सकाळी पाटीजवळ आली, 'आये, प्रयोगशाळेत द्यायचेत,' म्हणाली, तेव्हा कमळनं सगळ्यात ताजी बोईटं निवडून पिशवीत घातली. पोरीच्या कामाला पडेल माल कसा द्यायचा? वर शेजारी बसणाऱ्या प्रेमाला ऐकवलंही, 'बघ गो, आमचं म्हावरं आता पेपरात येनार.'

पेपरात नाही, समीक्षा जिथं लिहायची त्या मोबाईलवरच्या बातम्यांत आलं. वरच्या अंगाचा कारखाना घाण पाणी न गाळता नाल्यात सोडतो, नाला खाडीला मिळतो, आणि खाडीच्या बोईटांत नको इतकं शिसं उतरलंय. कारखान्याचं नाव होतं, प्रयोगशाळेचा अहवाल होता. कमळचा नवरा हरेश्वर तर हरखूनच गेला. होडी बांधून घरी आला की पेपर उघडायचा आणि सरकारची खरडपट्टी काढायची, हा त्याचा जन्माचा छंद. 'आता बसंल फाटकाला टाळं,' असं तो आल्यागेल्याला सांगत सुटला.

टाळं लागलं, पण भलतीकडेच. अधिकारी आले ते कारखान्याकडे गेले नाहीत. तिथं आत शिरायला परवानगी लागते, समोर वकील उभा राहतो, तारखा पडतात. मंडईत शिरायला काय लागतं? त्यांनी पाट्या उचलल्या, मासळीवर फिनेल ओतलं आणि पुढचा हुकूम होईपर्यंत खाडीची मासळी विकायची नाही असा कागद खांबाला चिकटवून ते निघून गेले. बंदरावरची सुरमई घेऊन बसलेल्या बायकांकडेही मग कुणी फिरकेना. गिऱ्हाईकाला खाडी काय नि बंदर काय, सगळ्या पाट्या सारख्याच.

घरात रोज तेच भांडण पेटायचं.

'नियम कडक पाहिजेत म्हणूनच लिहिलं ना मी,' समीक्षा म्हणायची.

'नियम ढीगभर हायेत गो,' हरेश्वर आता उलटा बोलायला लागला होता. 'आमचं जालं बारका मासा सोडतं नि मोठा धरतं. सरकारचं बराबर उलटं.'

'मग गप्प बसायचं? गिऱ्हाइकांच्या पोरांच्या पोटात गेलं तरी?'

'आमच्या पोटात काय जानार ते लिवलंस का कुठं?' कमळ चुलीपासून ओरडली. 'मंडईतल्या समद्या बाया घरी बसल्यात. तुझं ते लिवायचं स्वातंत्र्य भाताबरोबर कालवून खायाचं का आमी? आधी आमाला सांगायचंस.'

'सांगितलं असतं तर लिहू दिलं असतंस?'

कमळनं पातेलं आपटलं. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, 'ते शिसं करतं काय गो?'

'हाडात जाऊन बसतं, आये. मग सहजी निघत नाही. लहान पोरांना जास्त बाधतं.'

'मंग आपल्या हाडात हायेच की.'

'आहेच,' समीक्षा म्हणाली आणि आईकडे न बघता मोबाईल उचलून बाहेर गेली. तिचीही वाट लागलीच होती. कारखान्यानं नोटीस धाडली होती, बातमी मागे घ्या नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावतो म्हणून. संपादक भला माणूस, पण त्याचं ऑफिस घाटकोपरच्या एका गाळ्यात, दाव्याला तो कितीसा पुरणार? अहवाल हातात आहे तोवर टिकून राहू, एवढंच तो म्हणत होता.

आणि मग प्रेमा आली. प्रेमा म्हणजे मंडईतल्या बायकांची पुढारीण. कमळ लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या. बातमी आल्यापासून ती कमळशी शब्दही बोलली नव्हती, आणि कमळला तोच घाव सगळ्यात खोल लागला होता. प्रेमा उंबऱ्याशीच उभी राहिली.

'रविवारी मंडईत जेवान घालतोय. खाडीचंच म्हावरं, समद्यांसमोर आमी खानार. टीव्हीवाले येनार. लोकांनी बघितलं की भीती मोडंल.'

'चांगलं हाय की.'

'पयला घास तू खायाचास. नि दुसरा तुझ्या पोरीला भरवायचास. तिनं खाल्लं की इषय मिटला. तुझी जागा तुझी. नायतर बाया तुला बसू देनार नाय, आधीच सांगते.'

'मांडवाचा खर्च कोन करतंय गो?' कमळनं विचारलं.

प्रेमानं पदर सारखा केला. 'कारखान्याच्या सायबानी दिलाय. मदत म्हनून.'

कमळला हसावं की रडावं कळेना. विष त्यांचं, मांडवही त्यांचाच. पण प्रेमाच्या घरीही चूल थंडच होती आणि ती काही कारखान्याची माणूस नव्हती. जागा सासूकडून कमळला आलेली, सासूला तिच्या सासूकडून. एका घासानं ती परत मिळणार होती. कमळ 'बरं' म्हणाली.

समीक्षाला तिनं सगळं सांगितलं. पोरगी भांडेल, थयथयाट करेल असं तिला वाटलं होतं. समीक्षा एवढंच म्हणाली, 'मी खाल्लं ना आये, तर वकील तेच कोर्टात दाखवतील. लिहिणारीनंच खाल्लं म्हणतील. बातमी गेली मग.'

'नि नाय खाल्लंस तर मी गेली.'

'येते मी रविवारी,' समीक्षा म्हणाली.

रविवारी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. कढईत बोईटं तळली जात होती आणि तो वास असा सुटला होता की कमळच्याही तोंडाला पाणी सुटलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, वेणीत अबोली माळली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे पुढे सरसावले. कमळनं बोईटाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. चव तीच, लहानपणापासूनची. प्रेमा हसली, कितीतरी दिवसांनी हसली, आणि तिनं कमळच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं कमळला अगदी भरून आलं.

'आता पोरीला!' कुणीतरी ओरडलं.

समीक्षा पुढे येऊन बसली. कमळनं भाताबरोबर बोईट कालवलं. बोईटात काटे फार, म्हणून सवयीनं तिची बोटं काटे काढायला लागली. एक काढला, दुसरा काढला, पुन्हा चाचपून पाहिलं. पोरीच्या घशात काही जाऊ नये म्हणून आई काटे काढते आणि ते सगळं जग बघतंय, हे कमळच्या ध्यानात आलं तेव्हा तिची बोटं घासावरच थांबली. तिनं वर पाहिलं. समीक्षानं तोंड उघडलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड उघडलेलं, लहानपणी उघडायची तसंच, पुढ्यात काय आलंय ते न विचारता.

कमळनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

कढईतलं तेल तेवढं तडतडत राहिलं. 'कमळ, काय केलंस गो हे?' प्रेमा म्हणाली. रागानं नाही, अगदी रडवेल्या आवाजात. कमळ घास चावत राहिली. जे कुठल्या प्रयोगशाळेला मंडईच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते एका आईनं सगळ्या कॅमेऱ्यांसमोर सांगून टाकलं होतं. प्रेमानं पाठीवरचा हात काढून घेतला. एकेक बाई पुढ्यातलं ताट सोडून उठली.

पुढं नेहमी होतं तेच झालं. संपादकानं अखेर बातमी काढून टाकली, दाव्याला तो घाबरला. कारखाना चालू आहे. मंडई पुन्हा भरते, तिथं कमळच्या जागेवर दुसरी कुणी बसते, आणि कमळ मुलुंडला एका मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाला जाते. त्या घरात मासळी चालत नाही. कामावर घेताना बाईनं पहिल्यांदा तिचे हात हुंगून पाहिले होते. हे तिनं घरी कुणाला सांगितलेलं नाही.

एका संध्याकाळी मायलेकी डाळभात खात बसल्या होत्या. समीक्षा मध्येच थांबली.

'मी खाल्लं असतं गं आये. खरंच खाल्लं असतं. बातमी तर नाहीतरी गेलीच. तुझी जागा तरी राहिली असती.'

'ठाव हाय मना,' कमळ म्हणाली. 'तू तोंड उघडलंस ना. म्हनून तर देववलं नाय.'